पडताळलेल्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा सोर्स कोड मिळवून स्वतः कम्पाइल कसा करावा

नागपुरात ले-आउटमधला प्लॉट घेणारा शहाणा माणूस विक्रेत्याने दाखवलेल्या आखीव पत्रिकेवर थांबत नाही. तो मोजणी करून घेतो, खुंट्या कुठे रोवल्या आहेत ते स्वतः पाहतो आणि कागदावरचे क्षेत्रफळ जमिनीवर भरते की नाही याची खात्री करून मगच इसार देतो. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या एखाद्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे तेथे ठेवलेल्या आणि आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामच्या, पानावर हिरवी खूण दिसली आणि त्याचा सोर्स कोड पडताळलेला असल्याचे लिहिलेले आढळले, तर त्या खुणेला आखीव पत्रिकेइतकेच मोल द्यावे. मोजणी अजून व्हायची असते. ती घरच्या संगणकावर, एकही रुपया खर्च न करता कशी करता येते, हे येथे नवख्या वाचकासाठी पायरीपायरीने मांडले आहे.

धरमपेठेतल्या एका खोलीत दर रविवारी आम्ही आठ-दहा जण हेच काम शिकायला बसतो, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका तेथे माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या आहेत. काही माझ्या स्वतःच्याही आहेत. आज्ञांची आणि रकान्यांची नावे मी वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

चेनवर नेमके काय असते

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सॉलिडिटी भाषेत लिहिलेला मजकूर चेनवर नसतो. चेनवर असतो तो बाइटकोड, म्हणजे इथेरियमच्या आभासी यंत्राला (इव्हीएमला) कळणाऱ्या सूचनांची सलग माळ. विकासक सॉलिडिटीत लिहितो, कम्पायलर त्याचा बाइटकोड करतो, आणि तो बाइटकोड एका व्यवहाराद्वारे चेनवर ठेवला जातो. मूळ मजकूर विकासकाच्या संगणकावरच राहतो, आणि तो जगाला दाखवायचा की नाही हे त्याच्या मर्जीवर असते.

दाखवायचे ठरवल्यास तो इथरस्कॅन, ब्लॉकस्काउट किंवा सोर्सिफाय यांसारख्या सेवेकडे मजकूर, कम्पायलरची आवृत्ती आणि सेटिंग्ज सादर करतो. ती सेवा तोच मजकूर पुन्हा कम्पाइल करते आणि निघालेला बाइटकोड चेनवरच्या बाइटकोडशी ताडून पाहते. जुळला तर खूण मिळते. म्हणजेच खुणेचा दावा मर्यादित आहे: हा मजकूर, या आवृत्तीच्या कम्पायलरने, या सेटिंग्जसह कम्पाइल केला असता हाच बाइटकोड निघतो. या दाव्यातले तिन्ही भाग सारख्याच तोलाचे आहेत. नवखा वाचक मजकूर उतरवून घेतो आणि उरलेले दोन भाग पानावरच सोडून देतो. मग दुपारभर घाम गाळूनही जुळणी होत नाही.

बाइटकोडचेही दोन प्रकार लक्षात ठेवावेत. निर्मितीचा बाइटकोड कॉन्ट्रॅक्ट चेनवर ठेवताना एकदाच चालतो, आणि त्याच्या शेपटीला कन्स्ट्रक्टरला, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागाला, दिलेली मूल्ये जोडलेली असतात. तो चालून झाल्यावर जे मागे उरते आणि त्या पत्त्यावर कायम राहते, तो रनटाइम बाइटकोड. नोडला, म्हणजे चेनची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला, एखाद्या पत्त्याचा कोड विचारला की तो रनटाइम बाइटकोड देतो. नवख्याने जुळणी नेहमी रनटाइम बाइटकोडशी करावी, कारण तो एका आज्ञेत मिळतो.

कामाची तयारी

लिनक्स असलेला साधा लॅपटॉप पुरेसा आहे. विंडोजवर असाल तर त्यातच लिनक्सची उपप्रणाली बसवून घ्यावी, कारण बहुतेक साधने तेथे विनातक्रार चालतात. ॲपलच्या नव्या चिपवर जुने कम्पायलर थेट चालत नाहीत, त्यांना रोझेटा ही ॲपलचीच सोय लागते. साधने दोनच हवीत. एक म्हणजे फाउंड्री, ज्यात 'फोर्ज' आणि 'कास्ट' या आज्ञा येतात. दुसरे म्हणजे सॉल्क-सिलेक्ट, जे पायथनच्या पिपद्वारे बसते आणि सॉलिडिटीच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवू देते. शिवाय इथरस्कॅनवर मोफत खाते उघडून एपीआय की, म्हणजे आज्ञेद्वारे माहिती मागण्यासाठीची ओळखखूण, घ्यावी. त्यांच्या एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत एकच की अनेक चेनसाठी चालते. फक्त प्रत्येक विनंतीत चेनचा क्रमांक द्यावा लागतो. इथेरियमचा क्रमांक १, पॉलिगॉनचा १३७ आणि बेसचा ८४५३ आहे. जुन्या लेखांत एपीआयच्या पहिल्या आवृत्तीचे दुवे सापडतात. ते वापरू नयेत.

या संपूर्ण कामात वॉलेट जोडण्याची, खासगी की देण्याची किंवा बारा शब्दांचा सीड टंकण्याची कोठेही गरज पडत नाही. पडताळणीच्या नावाखाली एखाद्या पानाने यातले काही मागितले, तर ते पान बंद करावे.

पत्ता आणि चेन निश्चित करणे

सरावासाठी मी सर्वांना डब्ल्यूईटीएच, म्हणजे रॅप्ड इथर (इथर या चलनाचे टोकन रूप), हा कॉन्ट्रॅक्ट घ्यायला सांगतो. तो २०१७ च्या अखेरीपासून इथेरियमवर आहे, एकाच फायलीत मावतो, त्याला कन्स्ट्रक्टर नाही, प्रॉक्सीची भानगड (ती काय, ते पुढे येते) नाही, आणि मजकूर एका बैठकीत वाचून होतो. फायलीच्या शेवटी जीपीएल परवान्याचा अख्खा मजकूर टिप्पणी म्हणून चिकटवलेला आहे, त्यामुळे ती दिसायला लांबलचक वाटते. प्रत्यक्ष कोड थोडाच आहे. त्याच नावाचे नकली टोकन पुष्कळ असल्याने नावावरून शोधून पहिले दिसेल ते उचलू नये. खऱ्या पत्त्याची सुरुवात, झिरो-एक्स या उपसर्गानंतर, सी०२ ने होते आणि शेवट सीसी२ ने. सुरुवात आणि शेवट सारखे दिसणारे नकली पत्तेही बनवता येतात, म्हणून मधली अक्षरेही एकदा दुसऱ्या विश्वासार्ह ठिकाणाशी ताडावीत.

पत्ता मिळाल्यावर 'कास्ट कोड' ही आज्ञा पत्ता आणि कोणत्याही नोडचा आरपीसी, म्हणजे प्रश्न विचारण्याचा, दुवा देऊन चालवावी आणि उत्तर एका फायलीत साठवावे. उत्तर नुसतेच झिरो-एक्स आले, तर त्या चेनवर त्या पत्त्याला कोड नाही. अशा वेळी बहुधा चेन चुकलेली असते. एकच पत्ता दोन चेनवर असू शकतो आणि दोन्हीकडे वेगळाच कोड असू शकतो, हे नवख्यांच्या पटकन ध्यानात येत नाही. मे २०२५ मधल्या पेक्ट्रा सुधारणेनंतर आणखी एक प्रकार दिसू लागला आहे: साध्या वापरकर्त्याच्या खात्यावरही २३ बाइटांचा छोटा कोड असू शकतो, ज्यात ३ बाइटांच्या खुणेनंतर फक्त दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता असतो. तो कॉन्ट्रॅक्ट समजून त्याचा सोर्स शोधत बसू नये.

प्रॉक्सी आहे का, हे आधी पाहावे

ही पायरी गाळली तर पुढचे सगळे काम बिनचूक होऊनही व्यर्थ जाते. अनेक मोठे कॉन्ट्रॅक्ट दोन भागांत असतात. लोक ज्याच्याशी व्यवहार करतात तो पत्ता प्रॉक्सीचा असतो, आणि प्रॉक्सी आलेली प्रत्येक हाक खऱ्या अंमलबजावणीच्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवते. प्रॉक्सीचा सोर्स पडताळलेला, नीटनेटका आणि शे-दीडशे ओळींचा असतो. त्यावर हिरवी खूणही असते. पण टोकनचा एकही नियम त्यात लिहिलेला नसतो. घराची पाटी वाचून घरमालकाचा स्वभाव सांगण्यासारखाच तो प्रकार होतो.

ईआयपी-१९६७ या मानकाने अंमलबजावणीचा पत्ता कॉन्ट्रॅक्टच्या साठवणीतल्या कोणत्या कप्प्यात, म्हणजे स्टोरेज स्लॉटमध्ये, ठेवायचा ते ठरवून दिले आहे. एका ठरावीक शब्दसमूहाचा केकॅक-२५६ हॅश (मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढून त्यातून १ वजा केला की तो स्लॉट मिळतो. आपल्याला हे गणित करावे लागत नाही. 'कास्ट इम्प्लिमेंटेशन' ही आज्ञा पत्त्यासह दिली की ती तो स्लॉट वाचून दाखवते. उत्तर शून्य आले म्हणजे प्रॉक्सी नाहीच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेले टोकन या मानकाच्या आधीचे, २०१८ चे आहे आणि ते अंमलबजावणीचा पत्ता त्या काळच्या वेगळ्याच स्लॉटमध्ये ठेवते. याखेरीज ईआयपी-११६७ चे किमान प्रॉक्सी असतात. त्यांचा रनटाइम बाइटकोड अवघा ४५ बाइटांचा असतो आणि खरा पत्ता त्याच्या पोटातच कोरलेला असतो. म्हणून आज्ञेच्या उत्तराबरोबर बाइटकोडची लांबीही पाहावी, आणि सोर्समध्ये 'डेलिगेटकॉल' (हाक दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवणारी सूचना) हा शब्द कोठे आला आहे ते शोधावे.

प्रॉक्सी निघालाच, तर पुढच्या सर्व पायऱ्या अंमलबजावणीच्या पत्त्यावर कराव्यात, आणि तो पत्ता कोणत्या ब्लॉकला वाचला त्याचा क्रमांक टिपून ठेवावा, कारण उद्या मालकाने अंमलबजावणी बदलली तर आजची मोजणी दुसऱ्याच जमिनीची ठरेल.

सोर्स आणि सेटिंग्ज एकत्र उतरवणे

ब्राउझरच्या पानावरून मजकूर निवडून चिकटवणे, हा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. त्यात ओळींच्या शेवटची अदृश्य चिन्हे बदलतात, अनेक फायलींचे कॉन्ट्रॅक्ट असेल तर एखादी फाइल हमखास सुटते, आणि सेटिंग्ज मागेच राहतात. एपीआयला 'मॉड्यूल' म्हणून 'कॉन्ट्रॅक्ट', 'ॲक्शन' म्हणून 'गेटसोर्सकोड', चेनचा क्रमांक, पत्ता आणि आपली की द्यावी. आलेले जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती मांडण्याची पद्धत) उत्तर जसेच्या तसे, एक अक्षरही न हलवता, साठवावे. ही आपली मूळ प्रत. पुढे जे काही करायचे ते तिच्या नकलेवर.

या उत्तरात सोर्स कोडखेरीज कॉन्ट्रॅक्टचे नाव, कम्पायलरची आवृत्ती, ऑप्टिमायझर (बाइटकोड आटोपशीर करणारा कम्पायलरचा भाग) चालू होता की बंद, रन्सची संख्या, इव्हीएमची आवृत्ती, कन्स्ट्रक्टरची मूल्ये, लायब्ररींचे पत्ते आणि परवाना हे रकाने असतात. प्रॉक्सी ओळखला गेला असेल तर तसा रकानाही भरलेला दिसतो.

सोर्स कोडचा रकाना तीन रूपांत येतो, आणि येथेच पहिल्यांदा ठेच लागते. पहिले रूप सरळ आहे: सगळा मजकूर एकाच सलग फायलीत. दुसऱ्या रूपात एका जेसनमध्ये फायलींची नावे आणि त्यांचा मजकूर असतो, पण सेटिंग्ज बाहेरच्या रकान्यांत असतात. तिसऱ्या रूपात कम्पायलरला जसेच्या तसे देता येईल असे 'स्टँडर्ड जेसन इनपुट' असते. त्यात फायली, त्यांचे मार्ग, रीमॅपिंग (कोणता मार्ग कोठे वळवायचा त्याचे नियम) आणि सेटिंग्ज सगळेच आलेले असते. हे तिसरे रूप सर्वांत उत्तम, परंतु इथरस्कॅन ते देताना दुहेरी महिरपी कंसांत गुंडाळते: सुरुवातीला दोन उघडे कंस, शेवटी दोन बंद. कोणताही जेसन वाचक त्यावर अडतो आणि फाइल बिघडल्याचे सांगतो. फाइल बिघडलेली नसते; बाहेरची एक जोडी, म्हणजे पहिले एक आणि शेवटचे एक अक्षर, काढून टाकावे, की आतले जेसन नीट वाचता येते.

इतका खटाटोप नको असेल, तर 'कास्ट सोर्स' ही आज्ञा फायली वेगळ्या करून फोल्डरमध्ये ठेवते, आणि 'फोर्ज क्लोन' तर सेटिंग्जसह पूर्ण फाउंड्री प्रकल्पच उभा करून देते. वाचनासाठी आणि प्रयोगासाठी मीही तेच वापरतो. मात्र शिकणाऱ्याने निदान पहिली दोन कॉन्ट्रॅक्ट हाताने उतरवावीत, कारण क्लोन करताना फायलींचे मार्ग बदलू शकतात आणि मग शेवटच्या जुळणीत निघणारा फरक कोठून आला ते समजत नाही.

इथरस्कॅनवर सोर्स नसेल तर सोर्सिफायवर पाहावे. तेथे वाचण्यासाठी कीसुद्धा लागत नाही. काही पत्त्यांवर इथरस्कॅन 'सिमिलर मॅच' असे लिहिते. त्याचा अर्थ या पत्त्यासाठी कोणी काही सादर केलेले नाही, पण हाच बाइटकोड असलेल्या दुसऱ्या पत्त्याचा सोर्स उपलब्ध आहे. अशा वेळी कन्स्ट्रक्टरची मूल्ये त्या दुसऱ्या पत्त्याची असू शकतात, हे विसरू नये.

कम्पायलरची नेमकी आवृत्ती

सोर्सच्या पहिल्या ओळींत 'प्रॅग्मा सॉलिडिटी' असे लिहून पुढे आवृत्ती दिलेली असते. नवखे लोक तीच बसवतात. ती ओळ फक्त कोणत्या आवृत्त्या चालतील एवढेच सांगते; प्रत्यक्षात कोणती वापरली हे एपीआयच्या रकान्यातच सापडते. डब्ल्यूईटीएचच्या फायलीत ०.४.१८ पासून पुढच्या आवृत्त्यांची परवानगी आहे, तर कम्पाइल झाला आहे तो ०.४.१९ ने. आवृत्तीच्या शेवटी 'कमिट' आणि आठ अक्षरे असतात. या कॉन्ट्रॅक्टसाठी ती सी४सीबीबीबी०५ अशी आहेत. 'सॉल्क-सिलेक्ट इन्स्टॉल ०.४.१९' आणि मग 'सॉल्क-सिलेक्ट यूज ०.४.१९' असे चालवल्यावर 'सॉल्क'ला त्याची आवृत्ती विचारावी आणि ती आठ अक्षरे जुळतात ना ते पाहावे.

आवृत्तीच्या रकान्यात सॉलिडिटीऐवजी वायपर असे नाव दिसले, तर तो कॉन्ट्रॅक्ट वेगळ्या भाषेत आहे आणि त्याला वेगळा कम्पायलर लागतो. मार्ग तोच, साधन निराळे.

कम्पाइल करणे

सोर्स तिसऱ्या रूपात मिळाला असेल, तर काम सोपे आहे. कंसांची जादा जोडी काढलेली फाइल 'सॉल्क'ला 'स्टँडर्ड जेसन' या पर्यायासह द्यावी आणि उत्तर दुसऱ्या फायलीत घ्यावे. हा पर्याय सॉलिडिटीच्या ०.४.११ आवृत्तीपासून आहे. 'ओपनझेपेलिन'सारख्या लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या संचाच्या, फायली त्याच जेसनमध्ये भरलेल्या असल्याने वेगळे काही बसवावे लागत नाही. उलट एनपीएम या कोडच्या भांडारातून ती लायब्ररी आणली, तर तिची आजची आवृत्ती येते आणि घोळ होतो. फक्त 'आउटपुट सिलेक्शन' या भागात 'डिप्लॉइड बाइटकोड' मागितला आहे की नाही ते तपासावे. मागितला नसेल तर कम्पायलर मुकाट्याने रिकामे उत्तर देतो आणि चूकही दाखवत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या रूपासाठी असे जेसन आपणच तयार करावे: भाषा सॉलिडिटी, सोर्समध्ये फायलींची नावे आणि मजकूर, आणि सेटिंग्जमध्ये ऑप्टिमायझर, रन्स व इव्हीएमची आवृत्ती. आज्ञेत एकेक पर्याय जोडत जाण्यापेक्षा हे बरे, कारण काय दिले होते ते फायलीत राहते.

आता ऑप्टिमायझरची गोष्ट. गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी, कूलरचा आवाज आणि त्यावर आमचे बोलणे अशा अवस्थेत, वर्गातल्या एका विद्यार्थिनीने डब्ल्यूईटीएच कम्पाइल केला आणि विचारले, "सर, माझा बाइटकोड मूळच्यापेक्षा आखूड कसा काय आला?" तिची आवृत्ती बरोबर होती, कमिटही जुळत होते. तिच्या जेसनमध्ये ऑप्टिमायझर चालू होता. का चालू केला म्हणून विचारले, तर तिने एपीआयच्या उत्तरावर बोट ठेवले: रन्सच्या रकान्यात २०० लिहिले होते, म्हणजे ऑप्टिमायझर चाललाच असणार. तर्क वावगा नव्हता. पण त्याच्याच वरच्या रकान्यात ऑप्टिमायझरसमोर ० होता. ऑप्टिमायझर बंद असला तरी रन्सच्या जागी २०० हा नेहमीचा आकडा तसाच पडून राहतो. तिने तो बंद करून पुन्हा कम्पाइल केले आणि लांबी मूळच्या बाइटकोडइतकीच आली. तिचा दीड तास गेला होता, आणि त्या दीड तासात मी तिच्याकडे फिरकलो नव्हतो, हा दोष माझा.

रन्स या शब्दानेही फसू नये. ऑप्टिमायझर किती वेळा फिरला याचा तो आकडा नाही. कॉन्ट्रॅक्टच्या आयुष्यात प्रत्येक सूचना साधारण किती वेळा चालेल याचा तो अंदाज आहे. आकडा लहान असेल तर कम्पायलर कोड आखूड ठेवायला पाहतो, मोठा असेल तर वारंवार चालणाऱ्या हाका स्वस्त करायला पाहतो. रनटाइम बाइटकोडवर २४,५७६ बाइटांची मर्यादा असल्यामुळे मोठ्या कॉन्ट्रॅक्टचे विकासक कधी कधी रन्स मुद्दाम १ पर्यंत उतरवतात. असा विचित्र आकडा दिसला तर तो चुकीचा समजून आपल्या मनाने २०० करू नये.

इव्हीएमच्या रकान्यात 'डिफॉल्ट' असे लिहिलेले असते तेव्हा त्या आवृत्तीच्या कम्पायलरचे स्वतःचे गृहीत मूल्य, असा अर्थ घ्यावा. ही मूल्ये इथेरियमच्या सुधारणांच्या नावांनी ओळखली जातात. ०.८.२० पासून ते मूल्य शांघाय झाले आणि त्याबरोबर शून्य ढकलणारी 'पुश-झिरो' ही नवी सूचना बाइटकोडमध्ये येऊ लागली. ज्या चेनवर ती सूचना तेव्हा चालत नव्हती, त्यांच्यासाठी विकासकांनी मूल्य हाताने पॅरिस ठेवले. हा एक शब्द चुकला तर शेकडो ठिकाणी बाइट बदलतात. नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये 'व्हाया आयआर' हा पर्यायही पाहावा. त्याने कम्पाइलचा मार्गच बदलतो.

कम्पाइल झाल्यावर उत्तरात अनेक कॉन्ट्रॅक्ट दिसतात, कारण फायलीतला प्रत्येक इंटरफेस आणि प्रत्येक लायब्ररी वेगळी निघते. एपीआयने दिलेल्या नावाचाच कॉन्ट्रॅक्ट उचलावा.

जुळवणी

आता आपल्याकडे दोन फायली आहेत: नोडने दिलेला रनटाइम बाइटकोड आणि आपण काढलेला. नोडच्या उत्तरापुढचा झिरो-एक्स काढावा, सगळी अक्षरे लहान लिपीत करावीत, शेवटी रिकामी ओळ नाही ना ते पाहावे, आणि लिनक्सची 'सीएमपी' ही आज्ञा चालवावी. ती पहिला फरक कितव्या अक्षरावर आहे ते सांगते. दोन अक्षरांचा एक बाइट होतो, म्हणून तो आकडा निम्मा केला की बाइटाची जागा कळते.

फरक अगदी सुरुवातीलाच असेल आणि लांबीही वेगळी असेल, तर आवृत्ती किंवा सेटिंग्ज चुकल्या आहेत, मागे जावे. लांबी सारखी असून फरक फक्त शेपटीत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, पण शेपटी वाचता आली पाहिजे.

सॉलिडिटीचा कम्पायलर रनटाइम बाइटकोडच्या शेवटी मेटाडेटाचा एक तुकडा जोडतो. त्यातले सर्वांत शेवटचे दोन बाइट त्या तुकड्याची लांबी सांगतात. डब्ल्यूईटीएचमध्ये शेवटी ००२९ दिसते. ही सोळाच्या पायातील संख्या आहे: दोन सोळा बत्तीस आणि नऊ, एकूण ४१ बाइट, लांबीचे दोन बाइट धरून शेपटी ४३ बाइटांची. अलीकडच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये बहुधा ००३३ असते: तीन सोळा अठ्ठेचाळीस आणि तीन, म्हणजे ५१, आणि दोन मिळून ५३. जुन्या शेपटीत स्वॉर्म या साठवणीतला हॅश असतो, ०.६.० पासून त्याची जागा आयपीएफएस या दुसऱ्या साठवणीच्या हॅशने घेतली, आणि कम्पायलरची आवृत्तीही आता तेथेच नोंदलेली असते.

तो हॅश कशाचा असतो? मेटाडेटाच्या फायलीचा, आणि त्या फायलीत प्रत्येक सोर्सचा हॅश, त्याचे नाव, मार्ग आणि सगळ्या सेटिंग्ज असतात. त्यामुळे एका टिप्पणीत एक स्वल्पविराम वाढला, संपादकाने फाइल साठवताना ओळीच्या शेवटची मोकळी जागा कापली किंवा फायलीचे नाव बदलले, तरी चालणारा कोड तंतोतंत तोच राहतो आणि शेपटीतले बत्तीस बाइट मात्र पार बदलतात. त्या विद्यार्थिनीचे पुढे हेच झाले: लांबी जुळली, शेपटीपर्यंतचा प्रत्येक बाइट जुळला, आणि शेपटीतला हॅश वेगळा आला. एकाच फायलीच्या जुन्या पडताळणीत विकासकाच्या संगणकावर त्या फायलीचे नाव काय होते हे नोंदलेले नसते, त्यामुळे असा फरक अपेक्षितच मानावा. सोर्सिफायने या दोन स्थितींना वेगळी नावे दिली आहेत: शेपटीसह सर्व जुळले तर पूर्ण जुळणी, शेपटी सोडून जुळले तर अंशतः. अंशतः जुळणीत चालणाऱ्या सूचना त्याच आहेत याची खात्री मिळते, पण टिप्पण्या आणि चलांची नावे मूळचीच आहेत याची मिळत नाही. सोर्स वाचताना हा भेद मनात असू द्यावा, कारण टिप्पणीवर विसंबून कोडचा अर्थ लावण्याची सवय सगळ्यांनाच असते.

शेपटीच्या अलीकडे, मध्येच फरक निघाला तर त्याचीही दोन निरुपद्रवी कारणे असू शकतात. ०.६.५ पासून सॉलिडिटीत 'इम्म्युटेबल' चल आले; त्यांचे मूल्य कॉन्ट्रॅक्ट चेनवर ठेवताना भरले जाते, म्हणून आपल्या बाइटकोडमध्ये त्या जागी शून्ये दिसतात आणि चेनवर खरे मूल्य. त्या जागा कोणत्या, हे कम्पायलरच्या उत्तरात 'इम्म्युटेबल रेफरन्सेस' या भागात मिळते. फरक नेमका तेथेच आहे ना ते एकेक करून पाहावे, आणि तेथले मूल्यही वाचावे, कारण अनेकदा मालकाचा पत्ता तेथेच सापडतो. दुसरे कारण बाहेरच्या लायब्ररीचे. तिचा पत्ता सेटिंग्जमध्ये दिला नसेल तर आपल्या बाइटकोडमध्ये अधोरेखा आणि डॉलर चिन्हे असलेली चाळीस अक्षरांची रिकामी जागा राहते. एपीआयच्या लायब्ररीच्या रकान्यातला पत्ता सेटिंग्जमध्ये भरून पुन्हा कम्पाइल करावे. तपासायचा कॉन्ट्रॅक्ट स्वतःच लायब्ररी असेल, तर त्याच्या सुरुवातीलाच स्वतःचा पत्ता कोरलेला असतो. तोही फरक चालतो.

यांपैकी कशातही न बसणारा फरक उरला, तर इनपुटमधल्या फायली एपीआयच्या मूळ प्रतीशी ताडाव्यात. कामाच्या नाहीत म्हणून गाळलेल्या किंवा सोयीसाठी घातलेल्या जादा फायलींमुळेही काही आवृत्त्यांत बाइटकोड बदलतो.

खूण जे सांगत नाही

जुळणी झाली म्हणजे कॉन्ट्रॅक्ट सुरक्षित ठरला, असे नाही. मालकाला हवी तेवढी टोकन छापू देणारा किंवा तुमची शिल्लक गोठवू देणारा कोडही तितक्याच बिनचूकपणे पडताळता येतो. जुळणीने एवढेच कळते की आपण जे वाचणार आहोत तेच चेनवर चालते. वाचायचे काम त्यानंतर सुरू होते.

परवान्याचा रकानाही पाहावा. सोर्स सर्वांना दिसतो म्हणजे तो कोणीही उचलून वापरावा, असा अर्थ होत नाही. टोकनांची अदलाबदल करणाऱ्या युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीचा मूळ कोड २०२१ पासून सर्वांसमोर होता, तरी १ एप्रिल २०२३ पर्यंत त्याच्या व्यावसायिक वापरावर परवान्याचे बंधन होते.

नोंद ठेवणे

प्रत्येक कॉन्ट्रॅक्टसाठी एक फोल्डर करावे आणि त्यात एपीआयचे मूळ उत्तर, कम्पायलरला दिलेले जेसन, कम्पायलरचे उत्तर, नोडकडून आलेला बाइटकोड आणि एक साधी मजकूर फाइल ठेवावी. त्या फायलीत चेनचा क्रमांक, पत्ता, प्रॉक्सी असल्यास अंमलबजावणीचा पत्ता, ब्लॉक क्रमांक, तारीख आणि कोणता फरक का मान्य केला ते दोन-तीन वाक्यांत लिहावे. फोल्डर गिटमध्ये टाकण्यापूर्वी एपीआय की कोणत्याही फायलीत राहिलेली नाही ना ते पाहावे. आमच्या वर्गात ती दोनदा राहिली होती, दोन्ही वेळा जतन केलेल्या दुव्यातच. डब्ल्यूईटीएच जमल्यावर दुसरा सराव यूएसडीसीचा घ्यावा, आणि सुरुवात त्याच्या अंमलबजावणीचा स्लॉट शोधण्यापासून करावी.